चाकातली हवा

दि. ४ जुलै

ती. ताईस,
धाकट्या खटपट्याचा सा. न. वि. वि.

गाडी आज ट्रकवर चढवली, परवा तुझ्या दवाखान्याच्या दारात उतरेल. गेल्या पावसाळ्यात तुझी जीप दलदलीत रुतली आणि तू पलीकडच्या विणकरणीच्या घरी पोचलीस तोवर बाळ गेलं होतं. त्यानंतरचं तुझं चार ओळींचं पत्र मी अजून खिशात बाळगतो. आता पुन्हा तिचे दिवस भरत आलेत म्हणतेस. ह्या वेळी चिखल आडवा येणार नाही, हे मी लिहून देतो.

आमच्या कारखान्यात चाचणीला गाडी चालवणारा मीच, म्हणून खात्रीने सांगतो. जोर चारही चाकांना मिळतो. इंजिनाला हवा देणारी नळी पार छपराजवळ नेली आहे, त्यामुळे मांडीएवढ्या पाण्यातही तिचा दम कोंडत नाही. पोट जमिनीपासून चांगलं दीड वीत उंच. पुढे तारेचा विंच आहे. रुतलीच तर तार झाडाला बांध आणि बटण दाब, गाडी स्वतःच स्वतःला ओढून काढते.

चाकं हाताला मऊ लागतील, ती मुद्दाम तशी ठेवली आहेत. मऊ चाक चिखलावर पसरतं, टणक चाक आत घुसतं. बाबांना मात्र हे सांगू नकोस. बस चालवायची सोडून मी खेळणी बनवतो असं ते आधीच म्हणतात. बिनहवेची गाडी पाठवली म्हणून वर्षभर हसतील.

आपला लोभ काही चिखलात रुतणारा नाही, म्हणून वेगळा मागत नाही.
तुझा,
खटपट्या

दि. १९ जुलै

चि. खटपट्यास,
ताईचे आशीर्वाद, आणि सोबत एक कानपिचकी.

आधी बातमी. मुलगी झाली, पावणेतीन किलो, आवाज खणखणीत. आता बाकीचं ऐक.

मंगळवारी सकाळी विणकराचा भाऊ धावत निरोप घेऊन आला, कळा सुरू झाल्या होत्या. बाबा हट्टाने शेजारच्या सीटवर चढले. खेळण्याची गंमत बघायची म्हणाले. दलदलीत शंभर पावलं गेलो नाही तोच चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि गाडी पोटापर्यंत खाली गेली. गेल्या वर्षीचं सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. तुझ्यावर इतकी चिडले की सांगायची सोय नाही. मग चाकाला हात लावला, तर दगडासारखं टणक.

तेव्हा बाबांनी सांगितलं. आदल्या दिवशी अंगठ्याने दाबून बघितल्यावर त्यांना चारही चाकं बसलेली वाटली. लेकीला अशी गाडी कशी द्यायची, म्हणून त्यांनी घाम गाळून पायपंपाने ती फुगवली होती. दोष त्यांचा नाही. त्यांच्यापासून लपवायची बुद्धी आपल्याला झाली.

मी पेनाच्या टोकाने हवा सोडली. तोवर बाबांनी गुडघाभर चिखलातून जाऊन तार झाडाला बांधली. बटण दाबलं आणि म्हैस उठावी तशी गाडी सावकाश वर आली. पुढे ओढा लागला, आणखी चिखल लागला, पण ती कुठे अडली नाही. बाळाच्या आधी वीस मिनिटं पोचलो.

लोभ आहे. पुन्हा बाबांपासून काही लपवलंस तर आटेल.
तुझी,
ताई

दि. २० जुलै

चि. खटपट्यास,
अ. आ.

ताईने सगळं कळवलंच असेल. तीस वर्षं बस चालवली, अंगठ्याने हवा ओळखण्यात कुणाला हार गेलो नव्हतो. ह्या वेळी चुकलो. कमी हवा मोजणारा काटा पाठवून दे. चाकांचं काम आता माझं. किती हवा ठेवायची तो आकडा मोठ्या अक्षरात लिही, चष्म्याचा नंबर वाढलाय. उजवीकडचा आरसा जरा खाली हवा, तेवढं तुझ्या साहेबांना सांग.

दुसऱ्याच्या हाती गाडी असली की माझा डोळा लागत नाही, हे तू लहानपणापासून बघतोस. तुझ्या आईच्या माहेरी जाताना मी सबंध वाट ड्रायव्हरच्या मानेकडे बघत बसायचो. परवा परतताना, त्याच दलदलीत, पट्टा लावून बसलो आणि मला गाढ झोप लागली. ताईने दारात आल्यावर उठवलं.

लोभ आहे. कधी बोललो नाही, इतकंच.
बाबा