स्लायगोला नेलेला नारळ

४ मे, रविवार. लिमरिक

ईमेल आला. अभिनंदन, तुमचा प्रवेश निश्चित झाला आहे. ऑफ-रोड ट्रायथलॉन चॅम्पियनशिप, २२ जून, स्लायगो. एक किलोमीटर तळ्यात पोहणे, चोवीस किलोमीटर जंगलात माउंटन बाइक, आठ किलोमीटर डोंगरावर पळणे. रस्त्यावर काय, कुणीही पळतं.

वृंदाला सांगितलं, माझी निवड झाली. ती म्हणाली, फॉर्म भरला की सगळ्यांनाच येतो तो ईमेल. हॉस्पिटलात लोकांना भूल देऊन देऊन हिला घरात कुणी जागं झालेलं बघवत नाही.

रेवाने मात्र फोनमधून मान वर केली. खरीखुरी चॅम्पियनशिप का, असं विचारलं, अर्थात इंग्रजीत. चौदा वर्षांची आहे. गेलं वर्षभर मला शाळेच्या दोन गल्ल्या अलीकडेच गाडी थांबवायला लावते, मैत्रिणींना मी दिसू नये म्हणून. फिनिश लाइनला येशील का विचारलं. म्हणाली, फिनिश करणार असशील तर येईन. म्हणजे येणार! शाळेच्या बक्षीस समारंभाला तिने मला बोलावलं नव्हतं. हे मी विसरलेलो नाही. आता बघ म्हणावं.

संकल्प: उद्यापासून पहाटे साडेपाच. साखर बंद.

५ मे, सोमवार

बँक हॉलिडे. सुट्टीच्या दिवशी शरीराला धक्का देऊ नये. उद्यापासून.

११ मे, रविवार

पूल. चाळीस लेंग्थ ठरवल्या होत्या, सहा झाल्या. क्लोरीन फार. तळ्यात क्लोरीन नसतं, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येणार नाही. शेजारच्या लेनमध्ये एक आयरिश आजीबाई तासभर न थांबता पोहत होत्या. वेग काहीच नाही. मला तीनदा ओलांडून गेल्या, पण स्टाइल अजिबात नाही.

सासूबाई कराडहून आल्या आहेत, तीन महिने. किचनमधलं प्रेस (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) उघडून त्यांनी पाकिटातलं खोबरं बाहेर काढलं, हुंगलं आणि म्हणाल्या, ह्यो लाकडाचा भुसा कशापायी खाता वो?

२५ मे, रविवार

वेटसूट आला. साइज चार्टमध्ये छाती आणि पोट वेगवेगळं विचारत होते, मी कॉलेजातली मापं आठवून भरली. माणसाने आपलं मूळ माप विसरू नये. पाऊण तासात अंगात गेला. निघेना. वृंदा ड्यूटीवर, रेवाने दार उघडून पाहिलं आणि लावून घेतलं. शेवटी सासूबाईंनी भरताचं वांगं सोलावं तसं मला सोलून बाहेर काढलं. मग हात धुऊन आल्या.

तळ्यातला सराव बाकी आहे. पाण्याचं तापमान तेरा. आत्ताच सराव केला तर ऐनवेळी नवेपणा राहणार नाही.

७ जून, शनिवार

इथल्या मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात माझा जाहीर सत्कार झाला. अध्यक्ष पद्माकरकाकांनी शाल पांघरवली, नारळ हातात दिला, टाळ्या झाल्या. वृंदा कानात म्हणाली, लोक जिंकून आल्यावर सत्कार घेतात. हिला आपली पद्धत माहीत नाही. आधी सत्कार केला की माणूस बांधला जातो. मी पंचवीस मिनिटं बोललो. शिस्त, निसर्ग, आयटीतल्या माणसाची पाठ. मागे कुणीतरी जेवण गार होतंय म्हणालं. अशांमुळेच आपली माणसं ऑलिंपिकला दिसत नाहीत.

रेवा माझ्या भाषणभर खाली बघत होती. भारावली असावी.

घरी आल्यावर सासूबाईंनी नारळ कानाशी हलवून पाहिला. पाणी हाय, चटणी करू, म्हणाल्या. मी नारळ काढून घेतला. हा सत्काराचा नारळ आहे, स्टार्ट लाइनला फुटणार. चटणी म्हणे!

१५ जून, रविवार

एक आठवडा राहिला. आता टेपरिंग. म्हणजे स्पर्धेआधी सराव कमी करत न्यायचा. हा भाग मला उत्तम जमतो आहे.

एकूण सराव: पूल चारदा. सायकल, नदीकाठच्या डांबरी वाटेवर, पाचदा. डोंगर, शून्य. लिमरिकला डोंगर नाही, त्याला मी काय करू. (आहेत म्हणतात. गाडीने जावं लागतं.)

२० जून, शुक्रवार. स्लायगो

वृंदाला वीकएंडचा ऑन-कॉल लागला. अदलाबदल मागितलीस का, विचारलं. नाही म्हणाली. मी, रेवा आणि सासूबाई निघालो. बाइक मागे, नारळ पुढे डॅशबोर्डवर. प्रत्येक वळणावर गडगडायचा आणि रेवा डोळे फिरवायची. पाठीमागे एक मोठा पुठ्ठा आणून ठेवलाय तिने, कापडात गुंडाळून. बघू दिला नाही. फिनिश लाइनसाठी बोर्ड! मला गाडी चालवताना जरा धूसर दिसलं. या देशात पाऊस कधी सुरू होईल सांगता येत नाही.

मुक्काम डॉ. प्रसन्नकडे. वृंदाचा मिरजेच्या कॉलेजातला बॅचमेट, इथल्या हॉस्पिटलात असतो. पोट सुटलंय. रविवारी स्पर्धेच्या मेडिकल टेंटमध्ये स्वयंसेवक आहे म्हणे. ज्यांना धावता येत नाही ते पट्ट्या बांधतात. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय, असं त्याने जेवताना विचारलं. काय ही जेवतानाची भाषा.

२१ जून, शनिवार

कोर्स पाहायला जंगलात गेलो. पहिला चढ बघितला. गाडीतूनच बघितला, काचेतून नीट दिसतो. खडे, मुळं, चिखल. आयोजकांनी जरा साफसफाई करायला हवी होती.

मग प्रसन्नने फिरवलं. बेनबुल्बेन: टेबलासारखा डोंगर, शिखर करायचं राहून गेलेलं. ग्लेनकारचा धबधबा: आमच्या ठोसेघरला हा नळ म्हणून लावतील. स्ट्रँडहिल: गरम पाण्याच्या टबात समुद्राचं शेवाळ घालून लोक आत बसतात, वर त्याला रांग लावतात. मी नाही बसलो. आइसक्रीम खाल्लं. साखर उद्यापासून बंद.

नंतर नॉकनरी. टेकडी, माथ्यावर कुठल्या तरी राणीचा दगडांचा ढीग. मी टेपरिंगमुळे कार पार्कमध्ये थांबलो. सासूबाई नऊवारी आणि वृंदाचे जुने बूट घालून रेवाबरोबर वर जाऊन आल्या. एकोणसत्तर वर्षांच्या आहेत. दमल्या नाहीत. आमच्या सदाशिवगडापुढं ह्यो उंबरा हाय, म्हणाल्या. रेवा आजीबरोबर हसत हसत खाली उतरत होती. माझ्याबरोबर ती शेवटची कधी हसली ते आठवून पाहिलं. मग प्रोटीन बार खाल्ला.

उद्या बघ म्हणावं.

२२ जून, रविवार. सकाळी ७.१०

तळ्याकाठी. सुमारे दोनशे जण. अर्धे लोक रबरी मोजे घालून आलेत. मोजे घालून पोहायचं! असल्या नाजूक लोकांत चॅम्पियनशिप घेऊन काय मजा. मी अनवाणी.

वेटसूट पंचवीस मिनिटांत चढला. वजन घटलंय. (ओला करून चढवायचा असतो, हे शेजारच्या माणसाने सांगितलं. न सांगता कळलंच असतं.)

फिनिश लाइन जंगलाच्या पलीकडे, तीन किलोमीटर. रेवा बोर्ड घेऊन शटल बसने तिकडे गेली. जाताना गुड लक म्हणाली. मैत्रिणींना फोटो पाठवणार आहे म्हणे. सासूबाई इथे थांबल्यात, मला पाण्यात उतरताना बघायला.

आता नारळ फोडतो. बोटी उतरवायचा सिमेंटचा उतार आहे, तिथेच. सगळे तिथूनच पाण्यात जाणार, सगळ्यांनाच पुण्य.

सकाळी ९.०५. गाडीत

घटनाक्रम शांतपणे नोंदवतो.

नारळ एका फटक्यात फुटला. पिवळं जॅकेट घातलेली एक बाई धावत आली, हे काय म्हणून. मी सांगितलं, आमच्याकडे शुभ कामाआधी करतात. तिने स्मितहास्य केलं, आयरिश लोक करतात तसं, म्हणजे काही अर्थ नसलेलं. शिट्टीची वेळ झाली म्हणून तुकडे गोळा करायचे राहिले. दोन मोठे उचलले, बाकीचे गडगडत गेले.

मग सगळे उताराकडे निघाले. मी जोशात चार पावलं पुढे गेलो आणि करवंटी डाव्या टाचेत शिरली. माझीच. दोनशे जणांत पाय कुणाचा कापला, तर माझा. रबरी मोजे घातलेले सगळे त्या तुकड्यांवरून आरामात चालत गेले. सासूबाई गर्दीच्या मागे होत्या, त्यांना काही दिसलं नसावं.

मेडिकल टेंट. प्रसन्न. चार टाके. काचेने कापलं का विचारलं, करवंटी म्हणालो. तो वर बघेना, खांदे हलत होते. डॉक्टर लोकांची पातळी घसरली आहे. इंजेक्शन दिलं. कुणाला सांगू नकोस म्हणालो. तो म्हणाला, पेशंटचं मी घरीसुद्धा सांगत नाही.

रेवाला फोन करायला हवा.

जरा विचार करून करतो. स्पर्धेला चार तास लागतात, तेवढ्यात काहीही झालं असं सांगता येईल. पोहणं झालं, सायकल बिघडली, असं. सायकल बिघडणं मोठमोठ्यांना होतं.

११.४०

नऊपासून बाहेर धो-धो पाऊस. रेवा कॅफेत बसली असेल. पाण्याची बाटली डोक्यावर ओतून घेतली, केस ओले दिसावेत म्हणून. हे मी केलं. लिहून ठेवतो.

दुपारी ४. प्रसन्नच्या घरी

साडेबाराला सासूबाई गाडीशी आल्या, हातात पिशवी. मी काच खाली केली आणि सुरू झालो. पाणी किती गार, लाटा कशा, पहिल्या वीसमध्ये बाहेर आलो, मग जंगलात चेन तुटली. सासूबाईंनी सगळं ऐकलं. मग पिशवी उघडली. खोबरं. सगळे तुकडे वेचून, धुऊन आणले होते. म्हणाल्या, पोरं अनवाणी फिरत्यात, कुणाच्या पायात गेलं आसतं. एका तुकड्याला रगत व्हतं, त्यो टाकला. तुमची सायकल अजून जाग्यावरच हाय, जावईबापू.

मी वायपर लावले. उगाच.

मग त्या म्हणाल्या, बसनं जाऊन आले, रेवा तिकडं उभी हाय. सकाळपासनं. शेवटचा माणूस यायचाय, तवर हलत नाय म्हणती.

शटल बसने गेलो, एका पायावर. कमानीपाशी दहाबारा माणसं उरली होती. रेवा कठड्याला टेकून, जॅकेटची टोपी कपाळापर्यंत, बोर्ड दोन्ही हातांनी छातीशी धरून. कम ऑन बाबा, असं लिहिलेलं. शाई ओघळून तिच्या बाह्यांवर आली होती. तेवढ्यात एक एकाहत्तर वर्षांचे गृहस्थ, शेवटचे, चिखलाने माखलेले, कमानीत आले. ती त्यांच्यासाठीसुद्धा ओरडली. आणि मग त्यांच्या मागे रस्त्याकडे बघत राहिली.

मी मागून हाक मारली.

सांगितलं. सुरूच केली नाही म्हणालो. सकाळी आठलाच टाके पडले म्हणालो. लाटा, चेन यातलं काही सुचलं नाही. तिने घड्याळ बघितलं. मग बँडेज बघितलं. दुखतंय का विचारलं. थोडं म्हणालो. ग्रँड, म्हणाली. इथले लोक प्रत्येक गोष्टीला ग्रँड म्हणतात, त्यामुळे काय समजायचं कळत नाही. मग म्हणाली, फोन करायचा होतास. एवढं एकच वाक्य मराठीत.

मला फार लाज वाटली. याला दुसरा शब्द शोधला, सापडला नाही.

सासूबाईंनी प्रसन्नच्या मिक्सरवर चटणी केली. चांगली झाली आहे.

२८ जून, शनिवार. लिमरिक

मंडळाच्या ग्रुपवर काय लिहावं, सहा दिवस विचार करत होतो. सगळं लिमरिक वाट बघत असणार. अकरा मसुदे केले. हवामान, आयोजनातल्या त्रुटी, आयर्लंडमधल्या सिमेंटचा दर्जा. शेवटी लिहिलं: भाग घेता आला नाही, टाचेला लागलं. चार अंगठे आले. एकाने विचारलं, कशात भाग?

पद्माकरकाकांचा वेगळा मेसेज आला. शाल पुढच्या शनिवारपर्यंत पोचव, नव्या डेंटिस्टबाईंचा सत्कार आहे. मंडळाकडे एकच शाल आहे, हे मला माहीत नव्हतं. वृंदाला होतं.

संकल्प लिहिणार होतो. राहू दे.

संध्याकाळी रिसायकलिंगच्या हिरव्या बिनमध्ये पुठ्ठे टाकायला गेलो. रेवाचा बोर्ड सर्वांत वर, दुमडलेला. उघडून बघितला. कम ऑन बाबा ही बाजू एकाच काळ्या मार्करने घाईत लिहिलेली, आता नुसता डाग. उलटा केला. मागची बाजू छातीशी धरलेली, त्यामुळे कोरडी राहिलेली. तिच्यावर चार रंगांत, भोवती वेलबुट्टी काढून, एकेक अक्षर आखून लिहिलं होतं: नेव्हर माइंड, बाबा.

मागची बाजू आधी केलेली दिसते, बराच वेळ देऊन. आणि चार तास पावसात तिने ती एकदाही पुढे केली नाही.