मेव्हण्याच्या फोनवर आलेले सतरा फोटो

मी, व्हर्नर कोस्केला, वय ७४, कागद गिरणीतून निवृत्त, राहणार हेमलॉक फाटा, मिशिगन, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय (पत्नी स्वयंपाकघरातून सूचना करते आहे, ते दडपण धरू नये) हे लिहून ठेवतो. आधीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द. त्यांत मेव्हणा ड्यूई याला फक्त गळकी होडी ठेवली होती.

१. घर व बँकेतली शिल्लक पत्नी अर्डिस हिला.

२. जंगलात झाडाला बांधायचा माझा कॅमेरा शाळेच्या प्रयोगशाळेला. जुना डिजिटल कॅमेरा, अंगणातल्या दिव्याचा हालचाल ओळखणारा सेन्सर आणि लोणच्याचा डबा, सगळे मी स्वतः जोडलेले. ड्यूई त्याला ‘बरणी’ म्हणतो. फोटो काढताना तो खट्कन वाजतो, त्यामुळे माझ्या प्रत्येक फोटोत हरीण दचकलेले आहे, हे कबूल. पण सात वर्षांपूर्वी याच बरणीने ड्यूईला टिपले: मचाणावर तोंड उघडे टाकून झोपलेला, आणि खाली दहा टोकांच्या शिंगांचा नर त्याचे सँडविच खातो आहे. तो फोटो मी शिकारी क्लबच्या भिंतीवर लावला. ड्यूईने बोलणे टाकले, आणि फोनवर आपोआप फोटो धाडणारा महागडा कॅमेरा दुकानातून आणून माझ्या हद्दीलगत बसवला.

३. गेल्या वर्षी नोव्हेंबरात मी दलदलीकाठी पँट सोडून बसलो असता घसरलो आणि खुबा मोडला. बर्फ पडत होते. ओरडून घसा बसला. वीस मिनिटांत ड्यूई घसरगाडी ओढत आला.

“दाजी, हलू नका.”

“तुला कसं कळलं?”

“फोनवर आलात. सतरा फोटो.”

त्याने आधी माझी पँट वर ओढली, मग रुग्णवाहिका बोलावली.

“क्लबात लावशील ना आता?” मी विचारले.

“पाय बधिर झालेत का, तेवढं सांगा.”

पुढे दर शुक्रवारी मी कुबड्या टेकत क्लबात जाऊन भिंत बघून येई. काही नाही. शेवटी सँडविचचा फोटो मीच उतरवला. ड्यूईने बघितले आणि माझ्यासाठी तळलेला मासा मागवला.

४. सबब, जंगलातली चाळीस एकर जमीन मचाणासह ड्यूईला. दुकानातला कॅमेरा सरस, हे लेखी मान्य. तोंडी विचारल्यास नाकारीन.

सही: व्हर्नर कोस्केला
हेमलॉक फाटा, १२ डिसेंबर २०२३

साक्षीदार: इर्मा सालो, क्लाइड ब्रेनन. मजकूर आमच्यासमोर वाचला गेला. लाभार्थी ड्यूई बाहेर गाडीत बसून होता. कलम ३ मधली पँटची हकिगत गावात आजपर्यंत कोणालाही ठाऊक नव्हती. हसू आवरल्यावर सह्या केल्या.