किल्ल्या इथे ठेवा

तुर्सेना, ऑक्टोबर लागायला तीन दिवस बाकी

रुब्रियाचा आपल्या थोरल्या भावाला, न्युमेरियसला नमस्कार. तू खुशाल असशील तर बरंच आहे. आम्हीही खुशाल आहोत.

दादा, दोन वर्षांनी माझं अक्षर पाहून कुणी गेलं की काय असं तुला वाटेल. कुणी गेलेलं नाही. तू समुद्रावरून पाठवलेला माशांच्या आंबवणाचा घडा मिळाला. उघडला त्या दिवशी शेजारीण कोण वारलं म्हणून विचारायला आली. चवीला मात्र छान होतं. तुझ्या मेव्हण्यांनी भाकरीला लावून लावून सगळा घडा संपवला आणि हे कुठून आलं म्हणून एकदाही विचारलं नाही, म्हणजे त्यांना ठाऊक होतं. तुमचं दोघांचं भांडण आहे म्हणून तोंडाची चव कशाला घालवायची, असा त्यांचा हिशेब असावा.

द्राक्षं यंदा गोड आहेत. माझा गुडघा दुखतो. धाकट्या नातीला दात आले. आणखी काय लिहू?

गावाचं लिहिते. तू इथे होतास तेव्हा सुरुवातीला विबियसच्या हातात फक्त धान्याचं कोठार होतं, तेही टंचाई संपेपर्यंत. टंचाई केव्हाच संपली, पण तसं जाहीर करायचा अधिकार विबियसलाच, आणि त्याला वेळ होत नाही. मग कोठाराला पाणी लागतं म्हणून नळांची किल्ली त्याच्याकडे गेली. भटारखान्याला आग लागली तेव्हा आगीवर धावणारी माणसंही त्याच्याच हुकमात आली. चोरांचा बोभाटा झाला आणि वेशीची किल्ली गेली. चोर कुणीच पाहिले नाहीत, पण बोभाटा फार मोठा होता. प्रत्येक वेळी तो नको नको म्हणाला. अशा सुरात म्हणाला की लोकांनाच अपराधी वाटावं. पानांचा मुकुट तर त्याने तीनदा परत केला, आणि तिन्ही वेळा केस नीट विंचरून आला होता.

दरवर्षी दोन कारभारी, एकाने मोडता घातला की दुसऱ्याचं काम अडलं, ही आपल्या वाडवडिलांची रीत. तुझ्याइतकी ती कुणाला पाठ असणार? तिच्यासाठीच तर तू भर सभेत एकटा उठून नाही म्हणालास, आणि विबियसने तुझ्या घराचं पाणी तोडलं, म्हणून तू गाव सोडलंस. तर रीत अजून आहे. पहिल्या वर्षी विबियसचा जोडीदार संधिवाताने अंथरुणाला खिळलेला होता, दुसऱ्या वर्षी त्याचा मावसभाऊ होता. तिसऱ्याला नव्या कालव्याची चौकशी करायला रोमला धाडला, तो अजून चौकशी करतोय. यंदा लायक माणूसच सापडला नाही. सभागृहात तुझी जागा मात्र कुणी घेतली नाही हो. तिथे विबियसचा अर्धपुतळा ठेवलाय. तुझे मेव्हणे त्याच्या शेजारी बसतात.

रोममध्ये त्या एकाने सगळे अधिकार परत करतो म्हटलं आणि अख्ख्या सिनेटने गयावया करून ते पुन्हा त्याच्याच पदरात घातले, ही बातमी तुझ्याकडेही आली असेल. आमच्याकडे आली त्या दिवसापासून विबियसला झोप नव्हती. त्यालाही गयावया हवी होती. तिची तालीम हमामखान्यात झाली. कुणी हुंदका द्यायचा, कुणी गुडघे टेकायचे, कुणी अंगरखा फाडायचा, सगळं वाटून दिलं. आम्हा बायकांना सभागृहाच्या पायऱ्यांवर रडायला बोलावलं होतं, म्हणून पुढचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मागच्या बाजाराच्या दिवशी सभा भरली. विबियस उठला, किल्ल्यांचा जुडगा वर धरला आणि म्हणाला, ‘मी थकलो. हे ओझं कुणीतरी घ्या. मला माझ्या जैतुनाच्या झाडांकडे जाऊ द्या.’ हुंदका वेळेवर आला. गुडघेही टेकले गेले. मग तुझे मेव्हणे उठले. तालमीच्या दिवशी त्यांचं पोट बिघडलं होतं, त्यामुळे त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. बिचाऱ्यांना वाटलं, माणूस खरंच थकलाय.

‘ठीक आहे,’ ते म्हणाले. ‘इतकी वर्षं केलंत, उपकार झाले. किल्ल्या इथे ठेवा.’

दादा, विबियसला एकच भाषण पाठ होतं आणि ते संपलं होतं. हात वर, हातात जुडगा, तोंड उघडं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेवढा वेळ आपल्या गावावर कुणाचंच राज्य नव्हतं. मागच्या बाकावर कुणीतरी टाळी वाजवली आणि लगेच माशी मारल्यासारखं केलं. शेवटी विबियसने चक्कर आल्याचं सोंग केलं आणि सभा उठली.

मी पायऱ्यांवरून थेट विबियसच्या बायकोकडे गेले. अव्हिडियाला तू ओळखतोस, तिला दुसऱ्याच्या घरचं दुखणं ऐकायला फार आवडतं. मी तिच्या पायाशी बसले आणि सांगितलं, ‘बाई, ह्यांनी तीन दिवस रानातले आळंबे खाल्लेत. कालपासून भिंतीशी बोलतात. लग्न झालं तेव्हापासून थोडे असेच आहेत, पण आम्ही झाकून ठेवलं होतं.’ ती इतकी खूश झाली की तिने मला अंजिरं दिली. दोन दिवसांत गावभर झालं की ह्यांचं, म्हणजे मानियसचं, डोकं ठिकाणावर नाही. पोरं त्यांच्या मागे भिंतीशी बोलत चालायला लागली. मला हायसं वाटलं. वेड्याला कोण कशाला मारेल?

मग विबियस स्वतः घरी आला. फार मोठ्या मनाने आला. म्हणाला, ‘वहिनी, आजारी माणसावर मी राग धरत नाही. पहिल्या तारखेला मानियसला मंदिरापुढे येऊन एवढी शपथ घेऊ दे, की माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मग जेवायला या दोघं.’ मी मेजवानीला काय नेसायचं ते ठरवूनही टाकलं होतं.

तो गेल्यावर तुझे मेव्हणे म्हणाले, ‘मी शपथ घेणार नाही.’

‘अहो, दोन वाक्यं आहेत.’

‘खोटी आहेत.’

‘आजवर खरी कुठे बोललात सभेत? दादा उठला तेव्हा खाली मान घालून विबियसच्या बाजूने हात कुणी वर केला होता?’

हे मी बोलायला नको होतं. ते एवढंच म्हणाले, ‘म्हणूनच.’

दादा, वर ते तालमीला नव्हते असं लिहिलं ते खोटं आहे. अव्हिडियाला आळंब्यांचं सांगता सांगता पोट बिघडल्याचंही मलाच खरं वाटायला लागलं होतं, आणि तुलाही तेच सांगून मोकळं व्हावं असं वाटत होतं. त्यांचं पोट उत्तम होतं. ते तालमीला गेले होते. अंगरखा फाडायचं काम त्यांच्याकडेच होतं. दोन्ही हातांनी, छातीपासून खाली. कापड नवं होतं, फुकट जायला नको म्हणून आदल्या संध्याकाळी मीच पुढची शिवण उसवून कच्चा दोरा घातला. घरात त्यांनी एकदा फाडून दाखवला तेव्हा मोलकरणीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पुन्हा दोरा घातला. सभेहून आले तो अंगरखा जसाच्या तसा. एक टाका निघालेला नव्हता. त्या दिवशीच मला कळलं होतं.

‘तुम्हाला भीती नाही का वाटली?’ मी विचारलं.

‘वाटली ना. पण तो विचारत होता गं. एवढ्या माणसांपुढे विचारत होता, कुणी घेता का. मला वाटलं, एकदा तरी विचारल्याचं उत्तर द्यावं.’

मी खूप ओरडले. चाळीस वर्षं ज्याने मला माझ्या तोंडावर कधी नाही म्हटलं नाही, त्याला हीच वेळ सापडली? त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वेडा म्हणून मी त्यांना वाचवलं याचा त्यांना राग नाही. उलट म्हणाले, आळंब्यांची कल्पना छान होती. पण शपथ घेणार नाहीत. दादा, मला त्यांचा इतका राग येतोय आणि इतका अभिमान वाटतोय, की काल मी त्यांना वाढताना दोनदा वाढलं आणि एकदाही बोलले नाही.

शपथ घेतली नाही तर काय होणार ते तुला सांगायला नको. त्याच दिवशी सभा त्यांना वाळीत टाकेल. तुर्सेनाच्या हद्दीत कुणी त्यांना विस्तव द्यायचा नाही, पाणी द्यायचं नाही, छपराखाली घ्यायचं नाही. घर विबियसच्या ताब्यात जाईल. तो आधी नको नको म्हणेल. मला राहायची मुभा मिळेल म्हणे, आजारी माणसाची बायको म्हणून. अव्हिडियाने तसं कळवलंय, वर आणखी अंजिरं पाठवलीत.

मी राहणार नाही. धाकट्या नातीला तिच्या आईबापाकडे सोडलं की मी मोकळी. तू त्यांना जेवताना भर पंगतीत मेंढरू म्हणाला होतास, ते त्यांच्या मनातून गेलेलं नाही. त्यामुळे ते स्वतः तुला कधी लिहिणार नाहीत, आणि मी लिहितेय हे त्यांना माहीत नाही. पहिल्या तारखेला दुपारी आम्ही वेशीबाहेर, थडग्यांच्या रस्त्यावर उभे असू. त्यांचा गुडघा माझ्यापेक्षा वाईट आहे, समुद्रापर्यंत चालणं व्हायचं नाही.

खेचरगाडी पाठव, असं लिहायला बसले होते आणि द्राक्षांचं लिहीत बसले. गाडी पाठवू नकोस, दादा. तू स्वतः ये. त्यांच्याशी काही बोलू नकोस, माफीही मागायला लावू नकोस. फक्त हद्द ओलांडली की सगळ्यांत आधी तुझ्या हाताने त्यांना पाणी दे.

तुझी बहीण,
रुब्रिया