नखावरचा रंग

४ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी उठलो. चहा केला. दूध जास्त झालं. कपडे वाळत घातले. दुपारी मेहुणी आली. दारात चप्पल काढता काढता सवयीने "ताई!" अशी हाक मारली आणि तशीच एका पायावर उभी राहिली. मी म्हणालो, ये, बस. बसली. दोघांनी खिडकीकडे बघितलं.

मेहुणी घरी परतल्यावर बायकोच्या टेबलावरचं कापड काढलं. गाडी आहे तशीच आहे.

५ नोव्हेंबर

गाडी फूटभर लांब. लांबलचक नाक, मागे ऐसपैस बैठक, ड्रायव्हर आणि मालक यांच्यामध्ये वर-खाली होणारी काच. अशा श्रीमंती गाड्या आता रस्त्यावर दिसत नाहीत. ही लाकडाची आहे. बंपर आणि दारांच्या मुठी पितळेच्या, चाकांचे आरे तारेचे. सगळं तिच्या हातचं. नोकरीभर तिने दाताच्या डॉक्टरांना कवळ्या करून दिल्या, माझ्या आधीच निवृत्त झाली आणि त्याच कानशी घेऊन छोट्या गाड्या करायला लागली. समोरची जाळी बसली त्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन म्हणाली होती, "अहो, हिची बत्तिशी बसली एकदाची!"

गाडी एका म्हाताऱ्या ड्रायव्हरसाठी आहे. खरी गाडी त्याने जन्मभर चालवली. मालक गेले, गाडी विकली गेली. तो कवळी दुरुस्त करून घ्यायला यायचा, तिथे हिची ओळख. मी त्याला कधी पाहिलेलं नाही.

राखाडी अस्तर मारून झालंय. काचा बसवायच्यात आणि रंग राहिलाय.

मी पुरी करणार. तिच्या मनात होती तशी!

७ नोव्हेंबर

दिवसभर गाडीकडे बघत बसलो. उन्हाचा पट्टा टेबलावर आला की गाडीची सावली भिंतीवर पडते आणि खऱ्या गाडीएवढी होते. हळूहळू सरकते. आवाज न करता कपाटावरून जाते, दारापाशी वळते आणि नाहीशी होते. संध्याकाळ झालेली कळली नाही.

८ नोव्हेंबर

आज नखं कापली.

रंग बघायचा झाला की ती माझ्या अंगठ्याच्या नखावर ठिपका द्यायची. "अहो, अंगठा द्या." पेपर वाचता वाचता मी हात पुढे करायचो. तिचं म्हणणं, पत्र्याच्या तुकड्यावर रंग मेल्यासारखा दिसतो, नखावर जिवंत दिसतो. मी ऑफिसात लाल, हिरवी, करडी नखं घेऊन गेलोय. साहेब एकदा म्हणाले, तुमच्या घरी कुणी लहान आहे का? मी म्हणालो, हो.

शेवटचा ठिपका निळा होता. ती गेली तेव्हा नखाच्या मुळाशी होता. वर सरकत सरकत टोकाला आला होता. आज गेला.

९ नोव्हेंबर

कामाला लागलो. जन्म नकाशे तपासण्यात गेला, तेव्हा आधी मोजपट्टी काढली. खऱ्या गाडीचा उजव्या बाजूने काढलेला फोटो तिने भिंतीला टाचलाय. त्यावरून सगळी मापं ताडून बघितली. खिडक्या बरोबर. चाकं बरोबर. छताचा बाक तर असा की वाटतं फोटोतूनच उचललाय.

पण दारांच्या मुठी जाड आहेत. प्रमाणाच्या दुप्पट तरी. आणि पुढच्या डाव्या मडगार्डावर चक्क खळगा. अंगठा बसेल एवढा.

पुन्हा मोजलं. तेच.

म्हणजे तिचा हात चालत नव्हता. शेवटी शेवटी कापत असणार. आणि मी पलीकडच्या खोलीत पेपर वाचत होतो. बोलली नाही एका शब्दाने.

पट्टी ठेवून दिली. जेवलो नाही.

११ नोव्हेंबर

ठरवलं. कुणाला कळता कामा नये. तिच्या हातचं काम कुणी हातात घेऊन म्हणायला नको की बाईंचा हात गेला होता.

खळग्यात लांबी भरली. मोठ्या गाड्यांचे पोचे बुजवतात तीच, थोडीशी. वाळल्यावर पॉलिशपेपरने घासली. मडगार्ड गुळगुळीत झालं. डावीकडच्या दोन मुठी कानशीने बारीक केल्या. हात भरून आला, म्हणून उजवीकडच्या ठेवल्या.

आता डावी बाजू अगदी प्रमाणात आहे. बरं वाटलं.

१२ नोव्हेंबर

ड्रायव्हरचा फोन. "बाई आहेत का?"

सांगितलं. कधी, कसं, ते विचारलं. मग म्हणाला, "साहेब, आता गाडीचं राहू द्या." मी म्हणालो, नाही, मी करतोय. मग विचारलं, रंग कुठला होता? माझ्याकडचा फोटो जुना आहे, काळा-पांढरा.

"रंग होय? तुम्हाला आवडेल तो द्या."

मला राग आला. जन्मभर जी गाडी पुसली तिचा रंग महत्त्वाचा नाही? उलट विचारतो काय — वजनाला कशी आहे? दार उघडतं का? उघडताना टक् असा आवाज येतो का?

येतो, म्हणालो. फोन ठेवला.

१३ नोव्हेंबर

मेहुणीला विचारलं, रंग कुठला देऊ?

"काळा द्या, भाऊजी. मोठ्या लोकांच्या गाड्या काळ्याच."

"काळा चांगला आहे."

"आणि पांढरा दिला तर?"

"पांढराही चांगला आहे."

पदर तोंडाला लावून हसायला लागली. "ताई म्हणायची ते खोटं नाही! ऑफिसात दुसऱ्यांच्या नकाशात खंडीभर चुका काढणार आणि घरी आले की सगळं चांगलं. भाजी चांगली, साडी चांगली, सासुरवाडी चांगली!"

"सासुरवाडी बरी आहे," मी म्हणालो. मग मात्र खूप हसली. हसता हसता डोळे पुसले. मला हसवायला आली होती आणि मीच तिला हसवलं.

१५ नोव्हेंबर

दुपारी डोळा लागला. गाडीत होतो. मागच्या बैठकीवर, एकटा. मऊ, खोल, झोप यावी अशी बैठक. बाहेर आमचीच खोली — टेबलाची कड डोंगरासारखी, ब्रशांचा डबा म्हणजे उंच उंच झाडं. गाडी त्यामधून चाललेली. पुढे ती. मला पाठमोरी दिसत होती, मानेवरचा अंबाडा सैल झालेला. मधली काच अर्धी वर होती. मी काचेवर टकटक केलं. तिने मागे न बघता एक हात काचेच्या कडेवरून मागे केला. तळवा उघडा. अंगठा मागायची तसा.

मी द्यायला गेलो आणि जाग आली.

१६ नोव्हेंबर

काचा बसवल्या. छान बसल्या.

गाडी देऊच नये असं वाटतंय. ड्रायव्हरला रंगाचंही काही नाही! इथे निदान रोज कुणीतरी तिच्याकडे बघेल.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

तरी गेलो. तिने शब्द दिलेला. रंग त्याच्या तोंडून वदवून घ्यायचा आणि मगच काय ते ठरवायचं, असं मनाशी म्हणत गाडी खोक्यात घालून निघालो.

दुसऱ्या मजल्यावर घर. त्याच्या मुलीने दार उघडलं. आतून तो आला, भिंतीला बोटं लावत. माझ्या खांद्याच्या पलीकडे बघून म्हणाला, "या साहेब."

त्याला दिसत नाही. गाडी विकली गेली आणि मागोमाग डोळेही गेले. मुलगी म्हणाली, "बाईंनी तुम्हाला सांगितलं नाही?"

सांगितलं असेल. मी हं म्हणालो असेन.

त्याने हात धुतले, पुसले, मांडीवर टॉवेल पसरला. मी गाडी ठेवली. त्याची बोटं नाकावरून निघाली. जाळीचे दात मोजल्यासारखे केले. छतावर तळवा ठेवून थोडा थांबला. उजवीकडे उतरला, मूठ चिमटीत धरली, दार उघडलं. टक्! चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं.

मग डावी बाजू. बोटं मुठीवरून घसरली. पुन्हा शोधली. पुन्हा घसरली.

"ह्या बाईंच्या नाहीत."

त्याने परत उजवीकडची मूठ चाचपली.

"बाईंनी माझ्या बोटांच्या मापाने केल्या होत्या. खरं माप घेतलं तर मला लागणारच नाहीत म्हणाल्या." मग हात पुढच्या मडगार्डावर गेला, मागे आला, परत गेला. "इथं पोचा होता. फाटकाच्या खांबाला मीच घासली होती. नवीन होतो, आता नोकरी जाते म्हणून घाबरलो. मालक म्हणाले, राहू दे रे, गर्दीत आपली गाडी लगेच ओळखू येईल! शेवटपर्यंत दुरुस्त करू दिला नाही."

मी सांगितलं. मुठी मी घासल्या, पोचा मी बुजवला. मला वाटलं, तिचा हात कापत होता.

"बाईंचा?" तो हसला. कवळी तिनेच केलेली. "माझ्या दाढीचा एक केस कवळीत अडकला तर बाईंच्या बोटाला लागायचा! आजारी पडल्यावर आल्या होत्या, तेव्हा ह्याच खुर्चीत बसून पोचा कोरला, मी बोट लावून सांगत होतो तसा. हात कसला कापतोय?"

मी पाणी मागितलं. मुलीने आणून दिलं.

निघताना रंगाचं पुन्हा विचारलं. खरी गाडी कुठल्या रंगाची होती?

"होती काळपट तपकिरी. पण बाई म्हणाल्या, तो देणार नाही. रंग आमच्या ह्यांना विचारणार. दिसणार फक्त त्यांना, तर त्यांनीच ठरवावा. म्हणाल्या, बरीच वर्षं विचारतेय, काहीही दाखवा, चांगला आहे म्हणतात. एकदा तरी नको म्हणायला लावते की नाही बघा!"

१९ नोव्हेंबर

हात कापत नव्हता. शेवटपर्यंत नाही.

२० नोव्हेंबर

लांबी कोरून काढली. तिच्याच हत्याराने, दाताच्या फटीत जातं ते. पापुद्रा निघाला आणि खाली तिचा खळगा जसाच्या तसा होता. डोळे मिटून त्यात अंगठा ठेवला. बसतो.

२३ नोव्हेंबर

डावीकडच्या मुठी नव्याने केल्या. पितळी तार वाकवली, घासली. डोळे मिटून उजवीकडची चाचपायची, मग डावीकडची. पहिल्या जोडीत फरक लागला. दुसरी बरी. तिसरी बसवली.

मेहुणी येऊन दारातच थांबली. "भाऊजी, डोळे मिटून काय करताय? जप?"

"तपासतोय," म्हणालो.

२४ नोव्हेंबर

ड्रायव्हरला फोन केला. म्हणालो, रंग वाळला की आणतो. म्हणाला, सावकाश. माझी बोटं कुठं जातायत!

२५ नोव्हेंबर, मंगळवार

खिडकीत बसलो. निळ्याची बाटली हलवून उघडली. अंगठ्याच्या नखावर ठिपका दिला. वाळू दिला. हात उन्हात धरून बघितला, सावलीत धरून बघितला. मग मोठ्याने म्हणालो — हा नको.

पुसला. दुसरी बाटली उघडली.