नऊ सेकंदांत सुरू होणारा कॉम्प्युटर

१२ सप्टें., शुक्रवार

सकाळी सलीमच्या भरतकामाच्या कारखान्यात. प्रिंटर कागद ओढत नव्हता, पाच मिनिटांचं काम. निघता निघता सहज कॉम्प्युटरची जागा किती उरली ते पाहिलं. एकूण आठशे चौऱ्याण्णव जीबी.

परत पाहिलं. तेवढीच.

चार वर्षांपूर्वी हा कॉम्प्युटर मीच जोडला. आत दोन एसएसडी, म्हणजे माहिती साठवायच्या डिस्क, प्रत्येकी चारशे ऐंशी जीबीची. दोन्ही मिळून एक केल्या, त्याला रेड म्हणतात, आणि विंडोजही त्याच जोडीवर टाकलं. सलीमला सांगितलं, ही आरशाची जोडणी. जे एकीत तेच दुसरीत, एक मेली तरी दुसरीवर सगळं शाबूत. पण आरसा असता तर जागा एकीएवढीच दिसली असती. ही तर दोघींची बेरीज, नऊशे साठला विंडोज आठशे चौऱ्याण्णवच दाखवतं.

म्हणजे आरसा नाही, पट्टे आहेत. प्रत्येक फाईल चिरून अर्धी इकडे, अर्धी तिकडे. एकाच धड्याच्या विषम ओळी एका वहीत आणि सम ओळी दुसऱ्या वहीत. एक वही गेली की उरलेली वाचता येत नाही.

सलीम म्हणाला, "काय पाह्यतं बे गजू? तोंड काहून उतरलं?"

"काई नाई. जागाच जागा हाय."

"मंग! तूच तं बसोली."

१३ सप्टें.

आठवत बसलो. दसऱ्याचा दिवस, सलीमला मशीनसोबत कॉम्प्युटरही त्याच मुहूर्तावर पाहिजे होता. मुसलमान माणूस, पण कारखान्याचा मुहूर्त दसऱ्याचाच. मागे चार जण उभे. जोडणीची यादी समोर आली. पहिला पर्याय पट्टे, दुसरा आरसा. पहिला आपोआप निवडलेला असतो. मी एंटर, एंटर, एंटर करत गेलो. वाचलं नाही. वीस वर्षं हे काम करणारा माणूस, आणि वाचलं नाही.

मग सगळ्यांना मोजायला लावलं. बटण दाबल्यापासून नऊ सेकंदांत कॉम्प्युटर सुरू. सलीमने तेव्हापासून खेळच केला. कोणी पाहुणा आला की बंद करून सुरू करणार आणि मोठ्याने मोजणार. नऊ झाले की टाळी.

पण खरी गोष्ट लिहायचीच टाळतोय. सलीमचे अब्बा. जुने जरीकाम करणारे. आयुष्यभर काढलेल्या नक्ष्यांचे खाके, म्हणजे सुईने टोचलेले पातळ कागद, एका पत्र्याच्या पेटीत होते. वाळवी लागलेली. दीड महिना बसून ते मी आणि सलीमने स्कॅन केले, मग सलीमने एकेक नक्षी मशीनला कळेल अशी कॉम्प्युटरवर काढली. सगळं 'पुराना काम' या फोल्डरात. नंतर त्या पेटीकडे पाहून मीच म्हणालो होतो, "आता हे कायले ठेवता? वाळवी धाग्याच्या मालाले लागन. दोन-दोन जागी झालं ना आता. काई होत नाई, मी हाव ना."

पेटी जाळली. अब्बा दाराशी उभे होते.

१५ सप्टें.

झोप धड नाही. अँटिव्हायरसचं निमित्त काढून गेलो. दोन्ही एसएसडींची तब्येत तपासली. पहिली ठीक. दुसरीसमोर पिवळी खूण, सावधान. खराब जागांचा आकडा दुपारी होता त्याहून मी निघेपर्यंत वाढला.

सलीम म्हणाला, "आजकाल अटकते थोडं मधात मधात."

म्हटलं, एक दिवस दे, सगळं बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवतो. तो हसायला लागला. नवरात्राच्या ऑर्डरी, घागरे, ब्लाऊज, संगीता सकाळपासून कॉम्प्युटरसमोरून हलत नाही. संगीता म्हणजे त्याची मशीन चालवणारी, मशीन आली तेव्हापासून आहे.

"दसऱ्यानंतर कर ना बाप्पा. अर्जंट काय हाय?"

इथे सांगायला पाहिजे होतं. सरळ प्रश्न होता. मी म्हणालो, "तसं काई नाई."

१६ सप्टें.

वैशालीने ताटाकडे पाहिलं आणि विचारलं. बायकोपासून काय लपतं! सगळं सांगितलं.

"मंग सांगून टाका ना त्याईले."

मी म्हणालो, झाकली मूठ सव्वा लाखाची. कारंज्यातली अर्धी दुकानं सलीमच्या शब्दावर माझ्याकडे येतात. गुपचूप काढून घेतो फायली, मग जोडणी नीट करतो, कोणाला काही कळायचं कारण नाही.

ती म्हणाली, "मूठ तुमची हाय. पन अंदर सामान त्याईचं हाय ना."

राग आला. खरं बोलली म्हणूनच आला.

१९ सप्टें., शुक्रवार

अमरावतीहून मागवलेली डिस्क सकाळच्या एसटीने आली.

आज जे केलं ते लिहायलाही लाज वाटते. सलीम जुम्म्याच्या नमाजला गेला ती वेळ साधली. मित्र नमाजला आणि मी त्याच्या कॉम्प्युटरला डिस्क लावतोय. संगीता मशीनवरून ओरडली, "गजूभाऊ, काय करून राह्यले?"

"अपडेट."

घाईत सगळंच एकदम निवडलं. नावांच्या क्रमाने कॉपी व्हायला लागलं, 'पुराना काम' पार खाली. गेल्या दोन वर्षांचं काम आलं. मग एका फाईलवर अडकलं. बाण हलेना, काहीच हलेना. शेवटी बटण दाबून बंद केला. परत सुरू केला तेव्हा मनात मोजलं. सतरा.

चप्पल वाजली, डिस्क पिशवीत टाकली. चोराच्या मनात चांदणं. सलीम आल्या आल्या म्हणाला, "चाय घेतला का बे?" त्याच्या हाताचा चहा घेतला आणि प्यालो.

२२ सप्टें.

घटस्थापना. कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही. दोनदा दारापर्यंत जाऊन आलो. मरायला टेकलेली एसएसडी एकदा बंद झाली की परत उठेलच असं नाही. संगीताला एवढं सांगितलं, कॉम्प्युटर बंद करू नको, रात्रंदिवस सुरूच ठेव. काहून म्हणाली. गरम राहिला की बरा चालतो, म्हणालो. असलं अडाणी कारण माझ्या तोंडून! तिने मान डोलावली. माझ्यावर विश्वास आहे सगळ्यांचा, तेच तर.

२६ सप्टें., शुक्रवार

पुन्हा जुम्म्याची वेळ. ठरवून गेलो, आज फक्त 'पुराना काम', बाकी काही नाही.

कॉम्प्युटरसमोर अब्बा बसलेले. ऐंशीच्या पुढचे, दोन्ही हात सारखे थरथरतात, आता कप पण दोन हातांनी धरावा लागतो. नमाज घरीच पढले आणि कारखान्यात आले. संगीताला म्हणत होते, "ते कैरी काढ वं बेटा. जोडकैरी." तिने ती जुनी नक्षी काढून दिली. पडद्यावर मोठी केली. अब्बा बोटाने हवेतच तिची कड गिरवत होते. बोट कडेवर राहत नव्हतं.

मला पाहून म्हणाले, "गजानन, हे मी बाविसाव्या साली काढली होती. माझ्या बाविसाव्या साली. आता तं रेघ बी निघत नाई. कागद गेले तं गेले, ह्याच्यात दोन-दोन जागी हाय म्हन्ते ना तू?"

मी मान हलवली. हो म्हणून.

डिस्क पिशवीतच राहिली. म्हाताऱ्यासमोरून फोल्डर काढून घ्यायचं धैर्य नाही आणि म्हाताऱ्याला खरं सांगायचंही नाही. मग मी गेलो कशाला होतो?

३० सप्टें.

ठरलं. उद्या सांगतो. वैशालीलाही तसं कबूल केलं. ऑर्डरी संपत आल्यात, सलीम ऐकून घेईल. काय काय बोलायचं ते मनात तीनदा म्हणून पाहिलं. तिन्ही वेळा सुरुवात "तसं काही मोठं नाही" अशी होते. ते वाक्य काढायचं.

१ ऑक्टो., बुधवार. खंडेनवमी

सकाळी दुकानात माझी हत्यारं मांडली. पेचकस, पक्कड, सोल्डरिंगची गन, मीटर. हळदकुंकू लावत होतो आणि पक्कडीवर बोट थांबलं.

संगीता.

दरवर्षी खंडेनवमीला कारखान्याची पूजा तीच करते. सगळी यंत्रं बंद. कात्री, मशीन, इस्त्री, कॉम्प्युटर. वर्षात एकच दिवस. हे मला माहीत होतं, दरवर्षी प्रसादाला मीच जातो. आणि ती नेमकी गोष्ट डोक्यातून गेली.

गाडी कशी चालवली माहीत नाही. पोचलो तेव्हा कॉम्प्युटरच्या डब्यावर झेंडूची माळ, हळदकुंकवाची बोटं, समोर नारळ. पडदा काळा.

"संगीता, बंद नको करू म्हटलं होतं ना!"

"पूजेले तं बंद कराच लागते भाऊ. आज त्याचा आरामाचा दिवस."

म्हटलं, एकदा सुरू करून पाहू. ती माझ्याकडे पाहतच राहिली. सलीम मधे पडला. "आज नाई गजू. संगीताचा मान हाय, चार वर्सात मी नाई मोडला. उद्या सकाळी लावू, तुयाच हातानं."

सांगितलं नाही. पूजेच्या पाटासमोर, प्रसादाचा पेढा हातात घेऊन, नाही सांगता आलं. दिवसभर घड्याळ पाहतोय. बंद असलेल्या वस्तूची इतकी धास्ती मी कधी घेतली नव्हती.

२ ऑक्टो. दसरा

सकाळी दहा. सलीम, संगीता, अब्बा खुर्चीवर. खिशात आपट्याची पानं, सलीमला दरवर्षी पहिलं सोनं मीच देतो. बटण मी दाबलं. सलीम मोजायला लागला, मोठ्याने. सात, आठ, नऊ. टाळीसाठी हात वर गेलेले, तिथेच राहिले. पंधरा. वीस. काळ्या पडद्यावर पांढरी ओळ, सुरू करण्याजोगं काही सापडत नाही.

सलीम हसला. "मुहूर्त चुकला का बे?"

मग सांगितलं. तयार केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. आरसा नाही, पट्टे आहेत, चूक माझी, दुसरी एसएसडी मरायला टेकली होती, आता बहुतेक गेली.

सलीम माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"म्हन्जे चार साल झाले तू मले झूट सांगून राह्यला?"

"चार वर्षं मलेच माईत नव्हतं. वीस दिवसांपासून माईत हाय."

"चार वर्साचं सोड," सलीम म्हणाला. "चूक कोनाचीबी होते. वीस दिवसाचं बोल."



अब्बांना ऐकू कमी येतं. ते संगीताला विचारत होते, "काय झालं वं? काय म्हन्ते गजानन?" ती रडायला लागली, मीच बंद केला म्हणून. तिचा काही दोष नाही हे मी दोनदा सांगितलं. तिला ते पटलं की नाही देव जाणे.

सोनं खिशातच राहिलं. आता या पानात ठेवलंय.

३ ऑक्टो.

दुकान उघडलं नाही. सकाळी कारखान्यात गेलो. सलीमने ये म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही.

डबा उघडला. जोडीतली एक दिसते, दुसरी गायब. पडदा विचारतोय, नवी जोडणी करायची का? हो म्हटलं तर उरलंसुरलंही पुसलं जाईल. एंटरवरून हात काढून मांडीवर ठेवला. यावेळी प्रत्येक ओळ वाचली.

नागपूरला अशा डिस्कमधून माहिती काढणाऱ्या एका माणसाला फोन लावला. तो म्हणाला, परत परत सुरू करू नका, पाठवा, पण खात्री देत नाही. इथल्या इथे मलाही एक उपाय करून पाहता येतो. मेलेल्या एसएसडीची डेटाची वायर काढायची, नुसती वीज देऊन अर्धा तास ठेवायची. कधी कधी जागी होते. कधी कधी त्यातच कायमची जाते.

दोन्ही गोष्टी सलीमला जशाच्या तशा सांगितल्या. काय करायचं ते तूच ठरव म्हणालो. तो म्हणाला, "माह्यं नाई ते. ज्याचं हाय त्याले पुसतो."

संगीताच्या पेनड्राईव्हवर जुन्यातल्या अडतीस नक्ष्या निघाल्या. मशीनमध्ये लावायला नेलेल्या. एकूण सहाशेच्या वर होत्या. जोडकैरी त्या अडतिसांत नाही.

४ ऑक्टो., शनिवार

अब्बा म्हणाले, "इथंच कर. माह्या नजरेसमोर." नागपूरची गोष्ट सलीमने पुन्हा समजावून पाहिली. "पेटी बी नजरेसमोरच गेली ना," म्हणाले. माझ्याकडे पाहून नाही म्हणाले. तरी लागलं.

११.१० ला वीज दिली. अर्धा तास चौघं तसेच बसलो. बंद. परत वीज. मग वायर लावली. जोडीत दोन्ही दिसल्या. बटण दाबलं. कोणी मोजलं नाही, मी मनात मोजत होतो. छप्पन्नला विंडोज आलं.

लगेच डिस्क लावली. फक्त 'पुराना काम', थोडं थोडं करून. संगीता दाराशी उभी, कोणाला बटणांकडे जाऊ देत नाही.

हे तिथेच बसून लिहितोय. १.२५. तीनशे सतरा आल्या. जोडकैरीची फाईल अजून पुढे आहे. आत्ता दोन मिनिटांपासून कॉपीची पट्टी हललेली नाही.

सलीम काल सकाळपासून माझ्याशी आपणहून एक शब्द बोलला नव्हता. आत्ता विचारलं, "किती झालं?"

"तीनशे सतरा. अटकलं हाय."

"येतीन का बाकीच्या?"

काई होत नाई, मी हाव ना. जिभेवर आलं होतं, वीस वर्षांची सवय. गिळलं.

"मले माईत नाई, सलीम."

त्याने माझ्याकडे पाहिलं, दसऱ्यानंतर पहिल्यांदा सरळ. मग खुर्ची ओढून शेजारी बसला. अब्बांनी चष्मा पुसायला संगीताकडे दिला.

पट्टी अजून तिथेच आहे.