फुंकणीची अंगाई

माय, तुला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता येत न्हाई, तेव्हा हे पत्र कुणाच्या कामाचं ते देवाला ठाऊक. मी बोलते, सून लिहून घेते. मधेच हसते आणि ओळ वाकडी गेली म्हणून मलाच बोल लावते. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुला पाहिलेलं माणूस आता मी एकटीच उरले. म्हणून तुझ्याबद्दल लोकांत काय पसरलंय, ते तुझ्या कानावर घालणं माझ्याकडे आलं. तू मला अंगाई म्हणायचीस, असं पसरलंय.

झालं ते असं. माझी नात, म्हणजे तुझी पणती, चेलो वाजवते. चेलो म्हणजे माणसाएवढं फिडल, दोन गुडघ्यांत धरून वाजवायचं. पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा मी विचारलं, "याला घेऊन बसशील तर नवऱ्याला कुठं बसवशील?" ती, एक व्हायोलिनवाली मुलगी आणि एक पियानोवाला, अशी तिघं मिळून वाजवतात. त्यांना मोठं बक्षीस मिळालं, पेपरात फोटो आला, फोटोत नात चेलोमागं अर्धीच दिसते. बक्षीस मिळालं तशी एका संगीत मंडळानं या तिघांसाठीच नवी रचना करायला एका पोराला सांगितलं. मापं देऊन चोळी शिवायला टाकावी, तसं. तो पोरगा लातूरला आमच्या घरी आला. मी तूरडाळ पाखडत होते, त्यानं मोबाईल माझ्या सुपाशेजारी ठेवला.

"आजी, तुमच्या आई तुम्हाला झोपवताना काय गायच्या?"

"झोपवायची कशाला? दिवसभर हुंदडलं की लेकरू आपणच पडतं."

"तरी एखादा सूर आठवत असेल."

त्याच्या चहावर साय धरली तरी तो हलेना. मला त्याची कीव आली आणि थोडी मस्तीही. तुझी हाक दिली त्याला. शब्द गाळले, कारण ते पाहुण्यापुढं बोलण्यासारखे नव्हते. नुसता सूर, तीनदा, तू द्यायचीस तसा. त्यानं डोळे मिटले, उघडले तेव्हा ओले होते. "किती माया आहे हो यात," म्हणाला. "हाव, लई माया होती," म्हटलं आणि डाळ पाखडू लागले.

खरं काय ते तू जाणतेस. भोकरकडचं आपलं गाव. मी मारुतीच्या देवळामागं गजगे खेळत बसलेली आहे. तू चुलीपुढून उठतेस, फुंकणी हातात तशीच, आणि उंबऱ्यातून ओरडतेस, "येतीस का येऊऽऽ?" पहिली हाक आखूड. दुसरी चार घरांना ऐकू जाईल अशी. तिसरी शेवटाला वर चढते आणि फाटते. तिसरीनंतर हाक यायची न्हाई, फुंकणी यायची. तू कधी गालावरून हात फिरवलास, असं मला आठवत न्हाई. दोन गुडघ्यांत दाबून धरायचीस ते उवा काढायला, आणि हलले की डोक्यात टपली. पुढं लग्न होऊन लातूरला आले. यांना हाक मारायची सवय नव्हती, खाकरायचे. दाळीचा व्यापार केला, चार माणसांत नाव कमावलं, पण बायकोला बोलवायचं म्हणजे खाकरायचं. मीही खाकरण्यावर संसार केला, तक्रार न्हाई.

तर ती नवी रचना पहिल्यांदा नांदेडला वाजणार होती. आम्ही आदल्या दिवशी गेलो. हैदराबादहून पियानो आला होता, बैल उतरवावा तसा चौघं तो टेम्पोतून उतरवत होते. हॉलमध्ये तालीम चालली होती. सुनेनं छापलेला कागद वाचून दाखवला. दुसऱ्या भागाचं नाव 'पणजीची अंगाई', आणि खाली त्या पोरानं लिहिलेलं, दिव्याच्या उजेडात मऊ हातांनी थोपटणारी माउली वगैरे. मऊ हात! तव्यानं पोळलेले तुझे हात. आधी मला हसू आलं, मग आलं न्हाई. ही मऊ हातांची बाई आता गावोगाव वाजत फिरणार, आणि तुला ओळखणारी मी, मी तरी किती दिवसांची? माझ्यामागं तीच उरली असती. चहाच्या वेळी नातीला बाजूला घेतलं.

"पोरी, ती अंगाई न्हाई."

"मग काय आहे?"

"मायची हाक हाय. फुंकणी घेऊन मारायला निघायच्या आधीची."

ती हसली, पोट धरून हसली. "आजी, तो रडला होता गं ते ऐकून!"

"म्हणून तर बोलले न्हाई."

मग डोळे पुसून म्हणाली, "शब्द काय होते?" मी सांगितले. तिनं ते दोनदा स्वतःशी म्हणून पाहिले. "त्याला सांगू का?"

"तुझं तू बघ. मला नुसतं कुणाला तरी ठाऊक असावं, असं वाटलं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉल भरला होता. लोक असे बसलेले, जसे कुणी दटावून बसवलेत. भजनात निदान दोनचार तरी डुलतात. दुसरा भाग आला. पियानो हळूहळू थेंब सोडत होता, व्हायोलिन वरून काही कुजबुजत होतं, मग चेलोनं हाक घेतली. पहिली, आखूड. दुसरी. तालमीत तिसरी तिनं मऊ निजवली होती. या वेळी वर चढू दिली, आणि शेवटाला ती खरखरून फाटली. व्हायोलिनवाल्या मुलीनं चमकून बघितलं. पुढच्या रांगेत तो पोरगा ताठ झाला. नंतर नातीला म्हणाला, "मी असं कुठं लिहिलं होतं?" आणि थोड्या वेळानं, "पण राहू दे असंच." तिनं त्याला अजून काही सांगितलेलं न्हाई. कागदावर अजून अंगाईच आहे.

हे पत्र कुठं टाकायचं, म्हणून सून विचारून राहिली. घडी करून माझ्या उशीखाली ठेव, म्हटलं. एक तेवढं राहिलं. तिसऱ्या हाकेला मी भर हॉलमध्ये उठून उभी राहिले होते. सुनेनं पदर ओढून खाली बसवलं. बाहेर आल्यावर सगळ्यांना सांगितलं, पाय आखडले होते. आता तिनं लिहिणं थांबवलंय आणि माझ्याकडं बघून राहिली. लिही, म्हटलं. पाय आखडले नव्हते, माय. बसता बसता मी हळूच "आले" म्हणाले.