पाचव्या दिवशी दहीभात

५ जुलै १९७९, गुरुवार

पोचलो एकदाचा! निघताना सुमतीनं ही वही पिशवीत कोंबली आणि बजावलं, रोज लिहा, परत आल्यावर मी वाचणार आहे. सातवा महिना चालू आहे तिचा, नाही म्हणायची माझी छाती नाही. तेव्हा बाईसाहेब, वाचा.

मुंबई गोदीत अकरा वर्षं बुडी मारतोय. जहाजाच्या बुडाची कालवं खरवडायची, पंख्यात अडकलेले दोर कापायचे, हेच काम. महिनाभर रजा साठली होती, तेवढ्यात गिरिधरचं पत्र आलं. गिरिधर म्हणजे आमच्या चाळीतला जुना शेजारी, आता पिंपळझरीच्या धरणावर ओव्हरसियर आहे. धरणाचं खालचं गेट नीट बसत नाही, तीन वर्षं पाणी वाहून जातंय, ते बघ आणि बाकी दिवस मजा कर, असं त्यानं लिहिलं होतं. तलावाखाली अख्खं गाव आहे, हिंड हवं तेवढं! मला आणखी काय पाहिजे? गोदीचं पाणी म्हणजे तेलाचा तवंग आलेला चहा.

नागपूर स्टेशनवर उतरलो तर पाऊस गायब आणि उकाडा असा की सदरा पिळून घ्यावा. सीताबर्डीला सावजीचं मटण खाल्लं. मी मालवणचा, तिखटाची घमेंड होती, ती डोळ्यांतून वाहून गेली. मग जीपमध्ये दोन टाक्या, कॉम्प्रेसर आणि मी, असे कामठी, पारशिवनी करत इथे. एका म्हाताऱ्यानं विचारलं, काहून आले गा, म्हणजे कशाला आलात? मला वाटलं भांडतोय. गिरिधर पोट धरून हसला.

गिरिधरचं क्वार्टर गळतं, म्हणून मला वरच्या टोलीत देवरावांच्या धान्याच्या कोठीत टाकलंय. टोली म्हणजे तलावाच्या काठावरची सहा घरं. देवराव बुडालेल्या गावातलेच शेतकरी, साठीचे, अबोल. त्यांची बायको अंजनाबाई. कोठी झकास आहे, दगडी भिंती, वर लाकडी माळा, त्यावर मातीचं धाबं म्हणजे सपाट छप्पर, उंचावर एक गजांची खिडकी. उंदीरही शिरत नाही, असं देवराव म्हणाले. दाराला कडी मात्र बाहेरूनच. आतून का नाही विचारलं, तर म्हणे, धान्य काय आतून कडी लावतं? बरोबर आहे बुवा.

८ जुलै, रविवार

आज नुसता फिरलो. पाण्याखालचं गाव! मातीची घरं विरघळून गेलीत, जोती तेवढी राहिलीत. चावडीचा चौथरा आहे, त्यावर मासे सरपंचासारखे बसलेत. वडाच्या पारंब्यांना कुणाची तरी दावणीची साखळी अजून अडकलेली आहे. विहिरीच्या तोंडाशी पोचलो आणि वाटलं, पाण्याच्या आत पाण्याची विहीर! हसताना तोंडातली नळी सुटली, पाव ग्लास पाणी प्यायलो.

एकच घर धड उभं आहे. दगडी आहे, धाब्याचं. माझ्या कोठीसारखंच हुबेहूब, बहुधा एकाच गवंड्याचं. जवळ जाणार होतो, पण हवा संपत आली. एका टाकीत जेमतेम चाळीस मिनिटं मिळतात.

वर आलो तर अंजनाबाई काठावर उभ्या. काय काय पाहिलं, ते सगळं विचारून घेतलं त्यांनी. दगडी घराचं सांगितल्यावर विचारलं, दार लागून हाय का? मी म्हटलं, जवळ गेलो नाही.

११ जुलै, बुधवार

गेट मोकळं केलं! खाचेत बाभळीचं खोड अडकलं होतं. तीन बुड्या आणि एक करवत लागली. गेट खाली बसलं तेव्हा धरणावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. गिरिधर खूश, आता तलाव पहिल्यांदा काठावरच्या लाल खुणेच्या दगडांपर्यंत, म्हणजे पूर्ण भरणार. वरची टोलीही त्यात जाणार आहे, पण लोकांना माळावर नव्या वसाहतीत जागा दिली आहे.

रात्री जेवताना मीच शहाणपणा केला. पाऊस लागला की रोज हातभर पाणी चढेल असा हिशेब मांडला आणि अंजनाबाईंना सांगितलं, ऑगस्टच्या दोन-तीन तारखेला तुमच्या कोठीच्या उंबऱ्याला पाणी लागणार. मी तोवर मुंबईत असेन. त्या वाढता वाढता थांबल्या, मग पुन्हा वाढू लागल्या.

१४ जुलै, शनिवार

आज अंजनाबाईंनी सांगितलं त्या दगडी घराचं. लिहितानाही डोकं फिरतंय.

ते देवरावांचंच घर. तीन वर्षांपूर्वी गाव उठवलं, तेव्हा त्यांच्या मुलीला माता आली होती, म्हणजे अंगभर फोड. वच्छला तिचं नाव, अकरा वर्षांची. इकडची रीत अशी की माता आलेल्या माणसाला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. डॉक्टर नाही, सुई नाही, घरात सुरी-कोयता ठेवायचा नाही, फोडणी द्यायची नाही. दाराला कडुनिंब बांधायचा. पाचव्या दिवशी उंबऱ्यावर दहीभात ठेवून मातेला निरोप द्यायचा, मगच बाहेर. आणि त्या घरात जो शिरेल, त्यानंही माता जाईपर्यंत निघायचं नाही. गाड्या भरून झाल्या होत्या. पोरीनं तापात बाहेर पळू नये म्हणून देवरावांनी बाहेरून कडी घातली. माळावर सामान टाकून पाचव्या दिवशी दहीभात घेऊन यायचं ठरलं. पाणी तिसऱ्या दिवशी आलं.

मी ताडकन बोललो, कुत्र्यालाही असं कोंडत नाहीत. देवराव उठून गेले. अंजनाबाई बसून राहिल्या. त्यांचं मागणं एवढंच, मातेचा निरोप राहिला आहे, डब्यात दहीभात देते, उंबऱ्यावर ठेवा, कडी काढा आणि मागं फिरा. आत जाऊ नका, एवढं मात्र पुन्हा पुन्हा सांगितलं. अडाणीपणा सगळा. पण आई आहे ती. करतो म्हटलं.

१५ जुलै, रविवार

करून आलो.

कडी गंजली नव्हती. चौकटीवर कडुनिंबाचा डहाळा होता, तीन वर्षं पाण्याखाली, आणि हिरवागार. पानाला हात लावून पाहिला. डबा उंबऱ्यावर ठेवला, कडी काढली, दार आपणहून आत गेलं. आणि मी गेलो आत. का गेलो? अकरा वर्षं बंद दारांच्या आत डोकावण्याचाच धंदा आहे माझा. शिवाय अडाण्यांच्या रीतीला मी का भ्यावं!

आत एकही मासा नव्हता. बाज भिंतीला उभी केलेली होती, तिच्यावरून माळ्यावर चढता येईल अशी. माळ्यावर ती होती. होती म्हणजे जे उरलं होतं ते. वरच्या फळीवर ओरखडे होते, खूप. लहान बोटांचे.

बाहेर आलो तेव्हा डबा रिकामा होता. मासे असतील.

१६ जुलै, सोमवार

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अंजनाबाईंनी विचारलं, पोरगी बाजेवर निजून होती न? तापात झोपेतच गेली असंन न? हो म्हणायचं होतं. माझं काय गेलं असतं? पण माझा स्वभाव! देवराव समोर विडी ओढत बसलेले पाहिले आणि तिडीक आली. सगळं सांगून टाकलं. बाज उभी करून ती वर चढली, पाणी माळ्याला लागेपर्यंत जिवंत होती, धाबं उकरत होती. आत शिरलो होतो, तेही सांगितलं.

देवरावांची विडी हातातच विझली. अंजनाबाई रडल्या नाहीत. थोड्या वेळानं मला ताक आणून दिलं. ज्याचं जळतं त्याला कळतं, सुमती. मी फार वाईट वागलो.

२४ जुलै, मंगळवार

आठ दिवस नुसता पाऊस. पाणी चढतंय, हातभर रोज, माझा हिशेब चोख निघाला. पाच घरं रिकामी होऊन माळावर गेली. गिरिधर धरणावरून हलू शकत नाही. मी तीस तारखेला निघतो, म्हणजे नारळी पौर्णिमेच्या आधी घरी. अंजनाबाई रोज ताट आणतात, माझ्याशी पूर्वीपेक्षा मऊ बोलतात. मला लाज वाटते.

२७ जुलै, शुक्रवार

ताप. पाठ मोडून पडल्यासारखी दुखते. गारठा बाधला असणार.

२८ जुलै, शनिवार

कपाळावर पुरळ. दंडावर देवीची लस टोचल्याची खूण आहे माझ्या, दोन-दोन! हा रोग देशातून गेला, पारशिवनीच्या एस्टी स्टँडवर पाटी आहे तशी. मग हे काय? देवरावांना म्हटलं, पारशिवनीच्या डॉक्टरकडे न्या. ते म्हणाले, नाल्याला पूर आहे. आणि नजर चुकवली.

२९ जुलै, रविवार

तळहातावर, तळपायावर फोड आलेत. उभं राहवत नाही. पेन्सिल दोन हातांनी धरतोय.

अंजनाबाई दिवसभर उशाशी होत्या. कडुनिंबाच्या पाल्यानं वारा घालतात, हळू. आईसारखं करतात. माझी बुडीची सुरी आणि करवत उचलून नेली. मातेच्या घरात लोखंड नको म्हणे. मी हसलो. हसायला नको होतं, ओठ फाटला.

दाराला डहाळा बांधला आहे. वासावरून कळलं.

३१ जुलै, मंगळवार

कालची एस्टी गेली. सुमती वाट बघत असेल. बाळ—

बाहेर गाडी भरतायत. भांड्यांचे आवाज. देवरावांना हाक मारली, आले नाहीत. मला गाडीत घाला, गिरिधरला निरोप द्या, ओरडून सांगितलं. बैलांच्या घंटा थांबल्या, मग परत वाजल्या.

पायाशी कुणीतरी बसतं. बाज दबते. अंजनाबाई समजून बोललो, तर त्या दारात उभ्या होत्या.

१ ऑगस्ट, बुधवार

कडी घातली. आवाज ऐकला.

अंजनाबाई दाराबाहेरून बोलल्या, अगदी शांतपणे. ओव्हरसियर साहेबांना सांगितलंय की भाऊ एस्टीनं गेले, नाहीतर ते सुईवाला डॉक्टर आणतील आणि माता कोपेल. पाणी उशाशी ठेवलंय. पाचव्या दिवशी दहीभात घेऊन येते.

मी रडलो. हो, रडलो. पाणी परवा येतंय, मीच सांगितलं होतं तुम्हाला, मीच गेट लावलं, माझ्या बायकोला सातवा— पाया पडतो म्हणालो. कुत्र्यालाही असं कोंडत नाहीत, हेच शब्द पुन्हा माझ्याच तोंडातून निघाले.

मग म्हणाल्या, "पोरीले बी मी असंच सांगतलं होतं, भाऊ. तिनं आयकलं होतं. तुमी बी आयका."

गाडी गेली.

२ ऑगस्ट

दाराशी सरपटत गेलो. सागवान आहे. नखं—

उंबऱ्याच्या आत पाणी. बोटभर.

एक टाकी बाजेखाली आहे, भरलेली. चाळीस मिनिटं. पण जायचं कुठून? गज उपटत नाहीत. हातांचं कातडं गजालाच राहतं.

बाज उभी केली. दुपारभर लागली. तशीच उभी केली. तशीच.

३ ऑगस्ट, सकाळ

माळ्यावर आहे. रात्रभर पाऊस कोसळला, हातभराचा हिशेब चुकला, पाणी दाराच्या चौकटीवर चढलं. वरच्या मातीला हात लावणार नाही. लावला.

सुमती, वही पत्र्याच्या डब्यात ठेवतो, झाकण घट्ट आहे. मुलगी झाली तर तिला—

आवाज. पाण्याखाली. कडीचा.

कुणीतरी कडी काढतंय. आले! अंजनाबाई आल्या, दया आली त्यांना, देवा— पण बाहेर दोन पुरुष खोल पाणी—

टॉर्च मारला. दार आत येतंय, हळूहळू. मी उघडलं होतं तसं.

टाकी पाठीवर आहे. आत्ता गेलो तर सुटतो. चाळीस मिनिटं पुष्कळ आहेत, काठ जवळच—

ती आत आली. लहान आहे. दार लोटलं तिनं, आणि दाराला पाठ लावून बसली.

वर बघते आहे. हातात डबा.

बोटं मोजते. एक. दोन. आज तिसरा, हो, तिसराच, मी मान हलवली— वच्छला, ऐक, मला घरी—

ती नाही म्हणते. अजून दोन दाखव—